शाळेचे ओळखपत्र आणि दुकानाचे दार

(भीमजयंतीनिमित्त सिंगापूर येथे भरलेल्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी "तिकीट खिडकीवरचा एक प्रसंग" असे सांगितले. त्यावर फोनच्या दुसऱ्या टोकाला क्षणभर शांतता पसरली. जयंतीच्या व्यासपीठावरून राज्यघटना, धम्म, शिक्षण, फार तर आपल्या संघटनेची वाटचाल यांवर बोलण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. तरीही मी विषय बदलला नाही. या प्रसंगाशी आपल्यातीलच एक कुटुंब निगडित आहे आणि त्या कुटुंबाने व त्याच्यासारख्या इतर काही कुटुंबांनी एक पत्र आपल्यापुढे सहीसाठी ठेवले आहे. त्यावर सही करावी की करू नये हे ठरवताना माझ्या मनाची जी ओढाताण झाली, ती आपल्यापुढे मांडावी एवढाच माझा हेतू आहे.

हकिगत अशी. विदर्भातून पंधराएक वर्षांपूर्वी येथे आलेले आणि आता येथील नागरिकत्व घेतलेले हे कुटुंब. मुलगा दहा वर्षांचा. प्राथमिक शाळेत तो वर्षभर गेला, परंतु वर्गातील गजबज आणि घाई त्याला सोसेना. घरी आला की कोपऱ्यात बसून राही, बोलणे जवळजवळ थांबले. अखेर आईने नोकरी सोडली, शिक्षण मंत्रालयाकडून रीतसर सूट मिळवली आणि त्याला घरी शिकवावयास आरंभ केला. आज तो मुलगा बोलतो. विमानांचा विषय निघाला तर त्याला थांबवावे लागते. या शहरात एक खासगी विज्ञानदालन आहे. नाव मी घेत नाही, कारण ते येथे उत्तर द्यावयास उपस्थित नाहीत. तेथे मुलांसाठी प्रयोगवर्ग चालतात आणि विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत मिळते. आई मुलाला घेऊन गेली. खिडकीवरील तरुणीने शाळेचे ओळखपत्र मागितले. ते नव्हते. आईने मंत्रालयाचे पत्र पुढे केले. तरुणीने ते सौजन्याने वाचले आणि सांगितले की, संगणकात शाळेचे नाव घातल्याशिवाय पुढचा रकाना उघडतच नाही. मोठ्यांचे तिकीट घेऊन आत जाता येईल, प्रयोगवर्गाला मात्र बसता येणार नाही, कारण तो केवळ विद्यार्थ्यांसाठी आहे.

त्या रात्री त्या माउलीचा मला फोन आला. म्हणाली, "भाऊ, पैशाचं काही नाही. पण पोरगा वाटेत विचारत होता, आई, मी विद्यार्थी नाही का? मी काय सांगू त्याला?"

पुढे काय घडले ते थोडक्यात सांगतो. तिने चौकशी केली तेव्हा घरी शिकणाऱ्या मुलांच्या अकरा कुटुंबांना तेथे किंवा तत्सम ठिकाणी हाच अनुभव आल्याचे आढळले. त्यांत चिनी होती, मलय होती, तमिळ होती. त्यांनी एकत्र पत्र लिहिले. दोन ओळींचे नम्र उत्तर आले की, धोरणात तूर्त बदल संभवत नाही. तेव्हा त्या कुटुंबांनी ठरवले की, हा नियम बदलेपर्यंत तेथे एक डॉलरही खर्च करावयाचा नाही. वार्षिक सभासदत्वे परत केली, वाढदिवसांच्या मेजवान्या दुसरीकडे नेल्या, आणि आपापल्या ओळखीच्या मंडळांकडे पाठिंब्याची विनंती केली. तेच पत्र आपल्याकडे आले आहे.

येथील कायदा काय आहे हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल, कारण आपण बहुतेक जण नोकरीच्या परवान्यावर किंवा कायम रहिवासी म्हणून आलो आणि तो कायदा नागरिकांच्या मुलांनाच लागू आहे. सिंगापूरने २००० साली सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला व २००३ पासून तो अमलात आणला. त्यात घरी शिकवू इच्छिणाऱ्या पालकांना सूट मागता येते, पण ती मागितली की मिळाली असे नाही. काय शिकवणार, कोण शिकवणार, याचा आराखडा मंत्रालयाला सादर करावा लागतो, मुलाच्या प्रगतीवर मंत्रालयाची नजर असते आणि प्राथमिक शिक्षणाच्या शेवटी जी राष्ट्रीय परीक्षा शाळेतील मुले देतात तीच या मुलांनाही द्यावी लागते. एवढेच नव्हे, त्यांना त्या परीक्षेत ठरावीक पातळी गाठावी लागते. त्या वर्षी बसलेल्या १०० मुलांत साधारणतः ३३ मुलांच्या पुढे असावे, असा तो दंडक. म्हणजे शासनाच्या लेखी हा मुलगा विद्यार्थी आहे, आणि कदाचित शाळेतील मुलापेक्षा अधिक तपासला जाणारा विद्यार्थी आहे. शासनाने आणखीही एक पाऊल टाकले. १९९३ पासून येथे 'एज्युसेव्ह' नावाची शिक्षणनिधीची योजना चालते. आरंभी तिचा लाभ शासकीय व्यवस्थेतील शाळांच्या मुलांपुरता होता. २०१३ साली पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी घोषणा केली आणि २०१४ पासून घरी शिकणाऱ्या, मदरशांत शिकणाऱ्या व परदेशी शिकणाऱ्या नागरिक मुलांनाही ती लागू झाली. शासनाच्या वहीत या मुलांचे नाव चढले. दुकानाच्या संगणकात मात्र त्यांच्यासाठी रकाना नाही.

हे सर्व ऐकूनही माझे मन सहीला तयार होईना. का, ते प्रांजळपणे सांगतो. आपल्या घराण्यांचा इतिहास शाळेत शिरण्याचा आहे, शाळा सोडण्याचा नाही. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे आणि शिपायाने वरून पाणी ओतल्याखेरीज तहान भागत नसे. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले तेव्हा कोठे शाळा ही आमच्याही हक्काची जागा ठरू लागली. माझे आजोबा वर्गाच्या बाहेर ओट्यावर बसून अक्षरे शिकले. त्यांच्या नातवाने, ज्यांना सुसज्ज शाळेचे दार उघडे असून जे आपखुशीने आत जात नाहीत, त्यांच्यासाठी चळवळ करावी काय? हा प्रश्न मी त्या भगिनीला काहीशा कठोरपणे विचारला. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "भाऊ, मी शाळा सोडली. शिक्षण नाही सोडलं."

या उत्तराने मला विचारात पाडले. सावित्रीबाईंनी अक्षरांचे पहिले धडे घरीच जोतीरावांकडून गिरवले, हे आपण अभिमानाने सांगतो. आपल्या महाराष्ट्रात सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसणाऱ्यांत आपलीच कष्टकरी मुले किती असतात! गिरणीत पाळी करून, घरकाम करून, दिव्याखाली अभ्यास करून पास झालेल्यांना आपण कधी "तू विद्यार्थी नव्हतास" असे म्हटले आहे काय? तरी एक गोष्ट नजरेआड करता कामा नये. आईबापांपैकी एकाने नोकरी सोडून मुलास घरी शिकवणे हे ज्याला परवडते त्यालाच शक्य आहे. या शहरात रात्रंदिवस राबणाऱ्या बांधकाम मजुराला किंवा दुसऱ्याची मुले सांभाळणाऱ्या घरकामगार भगिनीला हा पर्याय कधी मिळणार? घरच्या शिक्षणाचा गौरव करण्यासाठी मी येथे उभा नाही. शाळा सुधारावी आणि सर्वांची असावी, हेच माझे मत आजही आहे.

मग प्रश्न उरतो तो दुकानदाराचा. आणि येथे मला आपल्या भाषेतील एका शब्दाने अडवले. तो शब्द म्हणजे 'बहिष्कार'. त्या अकरा कुटुंबांनी जे केले त्याला आपण बहिष्कार म्हणतो. गावाने महारवाड्याला वाळीत टाकले, त्यालाही बहिष्कारच म्हणतो. बाबासाहेबांनी १९२४ साली काढलेली सभा 'बहिष्कृत हितकारिणी' आणि १९२७ साली सुरू केलेले पाक्षिक 'बहिष्कृत भारत'. इंग्रजांकडे यासाठी जो शब्द आहे तो आयर्लंडमधील एका जमीनदाराच्या कारभाऱ्याच्या, कॅप्टन बॉयकॉटच्या नावावरून १८८० साली रूढ झाला. तेथे गरीब कुळांनी बलवान माणसाशी व्यवहार तोडला होता. आपल्याकडे बलवानांनी गरिबांशी तोडला. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या आणि बाबासाहेब ज्या समितीचे सभासद होते त्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात नोंदवले आहे की, अस्पृश्यांनी हक्क मागितला की वहिवाटीचे रस्ते बंद होतात, मजुरी बंद होते आणि गावचा वाणी मीठ-मिरचीसारख्या रोजच्या गरजेच्या वस्तू विकणे बंद करतो. ग्राहकाच्या हातात पैसा आहे, पण दुकानाचे दार बंद!

हा वाण्याचा नकार बाबासाहेबांना किती गंभीर वाटला होता, याची जाणीव आपल्यालाही पुरेशी नाही. पहिल्या गोलमेज परिषदेच्या अल्पसंख्याक उपसमितीपुढे त्यांनी व रावबहादूर श्रीनिवासन यांनी जी मागण्यांची योजना ठेवली, तिच्यात ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याच्या धर्तीवर, व्यवहार करण्यास नकार देणे हाच गुन्हा ठरवण्याची मागणी होती. घर भाड्याने न देणे, काम न देणे, रीतीप्रमाणे व्यवहार न करणे, हे सारे त्यात आले. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत केला तो २०१६ साली. मधल्या ८६ वर्षांचा हिशेब आपण करावा.

बाबासाहेबांना हे पुस्तकातून कळलेले नव्हते. १९०१ सालचा तो प्रवास आठवा. वडील कोरेगावी नोकरीस. लहानगा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे मसूर स्थानकावर उतरलेले. अंगावर चांगले कपडे, खिशात भाड्याचे पैसे. जात कळली आणि एकही गाडीवान तयार होईना. दुप्पट भाडे देऊ केले तरी होईना. शेवटी एकाच्या गाडीला मुलांनी स्वतः बैल हाकले आणि गाडीवान शेजारून चालला. रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाही. ज्याच्याजवळ किंमत आहे आणि ती दुप्पट द्यावयाची तयारी आहे, त्याला "तुझ्यासाठी नाही" असे ऐकावे लागण्यात जी जखम आहे, ती पैशाच्या टंचाईहून निराळी आहे.

त्या जखमेचे उत्तर पुढे घटना समितीत आले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी, आज जे आपण पंधरावे कलम म्हणून ओळखतो त्या कलमावर चर्चा चालू होती. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले व सार्वजनिक करमणुकीच्या जागा यांत प्रवेशास मज्जाव नसावा, असे त्यात म्हटले होते. सभासदांनी शंका काढली की 'दुकान' म्हणजे नेमके काय? न्हावी, धोबी त्यात येतात का? बाबासाहेबांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, जो कोणी आपली सेवा देऊ करतो आणि ती घ्यावयास येणाऱ्यास देण्यास तयार असतो, त्याची जागा म्हणजे दुकान. मग तो डॉक्टर असो की वकील. वाणसामानाच्या टपरीपुरता असलेला शब्द त्यांनी एवढा रुंद केला की २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने लष्कराच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या खटल्यात याच अर्थाचा आधार घेऊन खासगी शिक्षणसंस्थाही त्यात बसवल्या. ज्या शब्दाने वाण्याचे दार उघडले त्याच शब्दाने महाविद्यालयाचेही उघडले! मी व्यवसायाने अभियंता आहे, वकील नव्हे. पण अशी व्याख्या वाचली की हेवा वाटतो.

आता कार्यकारिणीतील एका मित्राचा आक्षेप सांगतो. ते म्हणाले, "उद्या सवलतीच्या तिकिटासाठी बाबासाहेबांचे नाव घ्याल." त्यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. पंधराव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान ही कारणे मोजून दिली आहेत. घरी शिकणे त्यांत नाही. शिवाय ते कलम भारताचे, सिंगापूरचे नव्हे. येथे २०२५ साली नोकरीतील भेदभावाविरुद्ध कायदा संमत झाला, पण तो नोकरीपुरता आहे. येथील ग्राहक संघटना १९७१ पासून कार्यरत आहे, परंतु तिच्या हाती असलेली व्यापारविषयक कायद्याची आयुधे फसवणुकीविरुद्ध आहेत. विकण्यास नकार दिला म्हणून ती चालत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या मुलाला झालेला त्रास म्हणजे अस्पृश्यता नव्हे. त्याच्या सावलीचा कोणी विटाळ मानला नाही. पत्राच्या पहिल्या मसुद्यात 'अस्पृश्यांसारखी वागणूक' असे शब्द होते. मी त्या मंडळींना भेटून ते काढावयास सांगितले. ज्यांनी ते लिहिले होते त्या चिनी गृहस्थांना त्या शब्दाचे वजन माहीत नव्हते. सांगितल्यावर त्यांनी स्वतःच ते खोडले.

परंतु मित्राचे उरलेले अर्धे म्हणणे मला पटत नाही. येथे दोन मागण्या एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्या पाहिजेत. एक, तिकिटातील सवलत. ती व्यापाऱ्याची मर्जी आहे. त्याने ती ज्येष्ठांना द्यावी, मुलांना द्यावी किंवा कोणालाच देऊ नये. दुसरी, प्रयोगवर्गात बसू देण्याची. जो वर्ग पैसे घेऊन सर्व मुलांसाठी म्हणून जाहीर केला आहे, त्यातून एका मुलास केवळ कागद कमी म्हणून उठवणे ही मर्जीची गोष्ट राहत नाही. मी त्या कुटुंबांना सुचवले की दुसरी मागणी आधी ठेवा. थोडा वाद झाला, कारण काहींना सवलतीचेच दुःख अधिक होते. अखेर क्रम बदलला.

व्यापाऱ्याची अडचणही समजून घेतली पाहिजे. ओळखपत्र न पाहता सवलत दिली तर कोणीही स्वतःला विद्यार्थी म्हणवील, ही भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय इतरांनी शोधले आहेत. अमेरिकेत घरी शिकणाऱ्या मुलांची संख्या मोठी आहे. तेथील पिझ्झा हट या उपाहारगृहांच्या साखळीने १९८४ साली मुलांना वाचनाबद्दल बक्षीस म्हणून पिझ्झा देण्याची योजना शाळांमार्फत सुरू केली. पुढे घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी तिच्यात वेगळी नोंदणी ठेवली. एक जादा अर्ज, एवढाच खर्च. याउलट मुंबईच्या एका मुलीचे उदाहरण वृत्तपत्रांतून गाजले. घरी शिकून तिने आंतरराष्ट्रीय संगणकशास्त्र स्पर्धेत पदके मिळवली; बारावीचे प्रमाणपत्र नाही म्हणून आयआयटीचे दार तिला बंद होते. २०१६ साली तिला अमेरिकेतील एमआयटीने घेतले. रकाना रिकामा राहिला म्हणून कोण काय गमावतो, ते सांगावयास नकोच. येथील दालनाला तर याहूनही सोपे आहे. शाळा विचारण्याऐवजी वय विचारावे. जन्मतारीख प्रत्येक मुलाला असते.

आणि हे वय विचारण्याचे प्रकरण आपल्या दाराशीही आहे, बंधू-भगिनींनो. पुण्याहून, नागपूरहून, औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, बदली होऊन येथे आलेली कुटुंबे या सभागृहात बसली आहेत. परदेशी मुलांना शासकीय शाळेत जागा मिळण्यासाठी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि उत्तीर्ण झाले तरी जागा असेल तरच प्रवेश. आंतरराष्ट्रीय शाळेचे शुल्क सर्वांच्या आवाक्यात नाही. किती मुले महिनोन्‌महिने घरी आईजवळ पुस्तके घेऊन बसतात! त्यांनी शाळा सोडलेली नाही, त्यांना ती अजून मिळालेली नाही. त्यांच्याकडेही ओळखपत्र नाही. खिडकीवरील संगणकाला हा भेद कळत नाही. त्याच्या लेखी दोघेही विद्यार्थी नव्हेत. मागील वर्षी आपल्याच एका मुलीला एका चित्रकला वर्गातून असेच परत पाठवले गेले आणि तिच्या वडिलांनी संकोचाने कोणाला सांगितले नाही. मला ते कळले तेव्हा पत्राविषयीची माझी द्विधा संपली.

राहिला प्रश्न अकरा कुटुंबांच्या बहिष्काराने काय होणार, याचा. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली निघाली तेव्हाही लोक हसले असतील. घरोघरच्या बायकांनी एकत्र माल घेऊन व्यापाऱ्याला काय शिकवावे? ती आजही चालू आहे. माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी १९५५-५६ मध्ये ३८१ दिवस बसने प्रवास केला नाही. त्या काळात पायी चालून अनेकांचे जोडे झिजले. त्या लढ्याशी या प्रकरणाची तुलना मी करीत नाही, आताच तशा तुलनेला मी विरोध केला. सांगावयाचे एवढेच की, विकत न घेणे हे ज्याच्या हाती दुसरे काही नाही त्याचे साधन आहे, आणि ते वापरताना एक पथ्य पाळावे लागते. आपला राग खिडकीवरच्या तरुणीवर काढावयाचा नाही. तीही महिन्याच्या पगारावर उभी आहे. त्या कुटुंबांनी हे पथ्य पाळले आहे. पत्रात तिच्या सौजन्याचा उल्लेखही आहे.

दालनाच्या व्यवस्थापनाने गेल्या आठवड्यात दुसरे उत्तर पाठवले. नियम बदललेला नाही, पण पुढील महिन्यात भेटीची वेळ दिली आहे. त्या भेटीला आपल्या मंडळातर्फे कोणी जावे असा आग्रह आहे. मी जाण्यास तयार आहे. सभेला दुसरे नाव सुचवावयाचे असल्यास अवश्य सुचवावे. घरी बसलेल्या मुलांच्या पालकांनी आपला अनुभव दोन ओळींत लिहून दिला तर तो बरोबर नेता येईल, मुलाचे नाव न लिहिले तरी चालेल.

पत्र दाराजवळच्या टेबलावर, भोजनाच्या कूपनांशेजारी ठेवले आहे. सही करण्यापूर्वी ते पूर्ण वाचावे. ज्यांना पटणार नाही त्यांनी करू नये, आणि का पटले नाही ते मला भोजनाच्या वेळी जरूर सांगावे. तो मुलगा आज येथे आला आहे. तिसऱ्या रांगेत कागदाचे विमान दुमडत बसला आहे. त्याला मी त्याच्या नावाने हाक मारणार नाही, कारण आईने तशी विनंती केली आहे.

 जय भीम! जय भारत!